वाचक विचारतात: टाकी बत्तीस हजारांची, मग पाणी जातं कुठं?

गेल्या अंकात मी सहज लिहून गेलो की टाकीच्या मापात कुणाचं काही अडलं असेल तर कळवा, आणि बघता बघता पत्रांची चळत लागली. सातपूरला फॅब्रिकेशनच्या शॉपवर बावीस वर्षं पत्र्याच्या टाक्या वळल्यात मी, त्यामुळे हा विषय निघाला की मला थांबवणं घरच्यांनाही जमत नाही. दोन आकडे आधीच सांगून टाकतो, खाली सगळीकडे तेच लागणारेत. १ घनमीटर म्हणजे १००० लिटर, आणि १ घनफूट म्हणजे २८.३ लिटर, अगदी काटेकोर पाहिजे तर २८.३१७ धरा. फुटात मोजायला घेतलं तर शेवटपर्यंत फूटच ठेवा, मधेच मीटर आणू नका, आणि इंचांचे फूट करताना ५ फूट ९ इंच म्हणजे ५.९ नाही तर ५.७५, ही चूक मी शिकलेल्या इंजिनियर पोरांनाही करताना पाहिलीय.

प्रश्न: आमच्या सोसायटीची खालची टाकी ड्रॉइंगवर १६ बाय १० बाय ७ फूट आहे, सेक्रेटरी म्हणतात ३२ हजार लिटर बसतं. मे महिन्यात मोटर हवा ओढायला लागली तेव्हा १० हजारवाले दोन टँकर मागवले, तर पाणी फुटव्हॉल्व्हच्या (मोटरच्या पाइपचं टाकीतलं टोक, जिथून ती पाणी ओढते) वर जेमतेम ४ फूट ७ इंच आलं. मला शंका आली म्हणून वॉचमनला घेऊन टँकरलाच टेप लावला, लांबी १५ फूट, रुंदी ६, उंची ४, तोंडाकडून बघितलं तर अंड्यासारखा. बिल मात्र २० हजारांचं. टाकी खोटी की टँकर? (एक वाचक, इंदिरानगर)

ताई, दोन्ही. पण टँकरला टेप लावलात त्याबद्दल आधी तुमचं कौतुक, असं कुणी करत नाही.

आधी टाकी बघू. १६ गुणिले १० गुणिले ७ म्हणजे ११२० घनफूट, गुणिले २८.३, आले साधारण ३१,७०० लिटर, सेक्रेटरींचा गुणाकार बरोबरच आहे. पण ड्रॉइंगचा फोटो पाठवलात म्हणून कळलं की १६ आणि १० हे भिंतींच्या बाहेरून बाहेर आहेत आणि भिंत ९ इंची. दोन्ही बाजूंच्या भिंती वजा केल्या की आतून उरतात १४.५ आणि ८.५ फूट, म्हणजे तळ १२३.२५ चौरस फुटांचा. खोली ७ फूट आहे खरी, पण ओव्हरफ्लोचा पाइप स्लॅबच्या एक फूट खाली काढलाय आणि फुटव्हॉल्व्ह तळापासून सहा इंच वर आहे, त्यामुळे वरचा फूट कधी भरणार नाही आणि खालचे सहा इंच कधी उपसणार नाहीत. कामाची खोली उरली ५.५ फूट. १२३.२५ गुणिले ५.५ गुणिले २८.३ म्हणजे १९,२०० लिटर. ३२ हजारांच्या टाकीत तुमच्या हाताला लागणारं पाणी एवढंच. खांब मधे आले असतील तर त्यांचेही शे-दोनशे लिटर जातात, ते सोडून देऊ. बिल्डरने फसवलं असं मी म्हणणार नाही, काँक्रीट किती लागेल ते काढायला बाहेरचं माप लागतंच, फक्त ते पाण्यासाठी वापरायचं नसतं.

आता टँकर. तुमची टाकीच तुमचं मापटं आहे. तळ १२३.२५ चौरस फूट म्हणजे पाणी एक फूट चढलं की ३,४९० लिटर, एक इंच चढलं की २९०. ४ फूट ७ इंच म्हणजे ४.५८ फूट, गुणिले ३,४९०, साधारण १६ हजार लिटर. खरंच २० हजार पडले असते तर हिशोबाने पाणी ५ फूट ९ इंचाला लागायला हवं, म्हणजे साडेपाच फुटांवरच्या ओव्हरफ्लोमधून बाहेर वाहायला लागलं असतं. तुमच्या टेपनेही हेच निघतंय बघा, अंडाकृती तोंडाचं क्षेत्रफळ म्हणजे रुंदी गुणिले उंची गुणिले ०.७८५, मग ६ गुणिले ४ गुणिले ०.७८५ गुणिले लांबी १५, झाले २८२.६ घनफूट म्हणजे ८ हजार लिटर. टँकरच्या टोकांना थोडा फुगा असतो, त्यात थोडंफार जास्त मावेल, पण दोन हजार नाही मावणार. दोन वेगळ्या रस्त्यांनी गेलो आणि एकाच आकड्यावर पोचलो, म्हणजे शंकेला जागा नाही. फक्त एक खात्री करा, टँकर रिकामा होत असताना वर पाणी चढवायची मोटर बंद होती ना? ती चालू असेल तर माझा हिशोब कोसळला आणि टँकरवाल्याला उगाच बोल लागेल.

पुढच्या वेळी भांडायच्या आधी एक करा, झाकणाच्या आत एक ॲल्युमिनियमची पट्टी उभी लावा, फुटव्हॉल्व्हच्या पातळीला शून्य आणि दर इंचाला खूण. टँकर येण्याआधी आणि गेल्यावर वॉचमनने दोन आकडे वहीत टिपायचे, बास.

प्रश्न: अंबडला आमचं छोटं युनिट आहे. जनरेटरची डिझेल टाकी आडवी, गोल, व्यास १२० सेंमी, लांबी २ मीटर. काठी घालून बघतो. मागच्या महिन्यात काठी ३० वर होती, बिलाप्रमाणे १,३८० लिटर डिझेल टाकलं तर काठी ९० वर आली. काठीच्या हिशोबाने १,१३० लिटरच वाढलंय. २५० लिटर गेलं कुठं? ऑपरेटर पोरगा नवीन आहे, सगळे त्याच्याकडेच बघतायत. (एक वाचक, अंबड)

भाऊ, आधी त्या पोराकडे बघणं बंद करा. डिझेल टाकीतच आहे.

उभी टाकी असती तर तुमचा हिशोब बरोबर होता, काठी अर्धी भिजली म्हणजे माल अर्धा. आडव्या गोल टाकीत तसं नसतं. भाकरी उभी धरली असं समजा आणि खालून दोन बोटं मापून सुरीने आडवी कापा, हातात येतो छोटासा चंद्रकोरीसारखा तुकडा, आणि तीच दोन बोटांची पट्टी मधोमध कापली तर केवढी मोठी येते. टाकी म्हणजे अशा भाकऱ्या ओळीने उभ्या लावलेल्या. तळाला सेंटिमीटरमागे डिझेल कमी, मध्यावर जास्त, वर परत कमी.

तुमची टाकी पूर्ण भरली तर ३.१४१६ गुणिले ०.६ गुणिले ०.६ गुणिले २ म्हणजे २.२६२ घनमीटर, २,२६२ लिटर. काठी ३० वर म्हणजे पाव उंची, तुम्ही धरलेत पाव भाग, ५६५ लिटर. खरे असतात १९.५५ टक्के, म्हणजे ४४२. काठी ९० वर म्हणजे पाऊण उंची, तुम्ही धरलेत १,६९६, खरे असतात ८०.४५ टक्के, म्हणजे १,८२०. आता १,८२० मधून ४४२ वजा करा. १,३७८. बिल १,३८० चं. दोन लिटरवर काय भांडायचं!

काठीच्या बाकीच्या खुणांसाठी हे आकडे भिंतीवर चिकटवून ठेवा, १२ सेंमीला ११८ लिटर, २४ ला ३२२, ३६ ला ५७१, ४८ ला ८४५, ६० ला बरोबर अर्धे म्हणजे १,१३१. त्याच्या वर गेलात की उलटं वाचायचं, काठी ९६ वर आली तर वर २४ रिकामे आहेत, मग २,२६२ मधून ३२२ वजा. सूत्रही आहे, पण त्यात कोसाइन उलटं करावं लागतं आणि कॅल्क्युलेटर डिग्रीवर ठेवला की वाट लागते, म्हणून शॉपवर आम्ही सूत्राच्या नादी लागायचोच नाही. रिकाम्या टाकीत मापाच्या कॅनने ५०-५० लिटर पाणी टाकायचं आणि दर वेळी काठीवर पंचने खूण मारायची. डिझेलच्या टाकीत आता पाणी घालू नका अर्थात, डिझेल भरतानाच पंपाच्या मीटरवर बघून खुणा करा. आणि टाकी लेव्हलमध्ये बसलीय का ते बघा, गाळ निघावा म्हणून मुद्दाम एका बाजूला उतार देतात, मग काठी कुठल्या टोकाला घालता त्यावर आकडा बदलतो.

काठीचं हे दुखणं जुनं आहे. केप्लर म्हणजे ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार आहेत हे सांगणारा, त्याने १६१३ मध्ये दुसऱ्या लग्नाच्या वेळी वाइनची पिंपं घेतली, तर विक्रेत्याने प्रत्येक पिंपाच्या भोकातून एक काठी तिरकी आत घातली, कुठवर भिजली ते बघितलं आणि पैसे सांगितले. पिंप बुटकं की लांबोडकं, काहीही न विचारता. नवरदेवाला ते पटेना, आणि त्याने पिंपांच्या घनफळावर अख्खं पुस्तकच लिहिलं, १६१५ मध्ये छापलं. आपल्याकडे द्राक्षाच्या गावात वाइन पिणारे वाढले पण लग्नात असा हिशोब मांडून बसणारा अजून तरी दिसला नाही.

प्रश्न: निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे, शेततळं खोदलं, वर ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर, बाजूंना एकास एक उतार. मशीनवाला २,७०० घनमीटरचे पैसे मागतोय. भाऊबंद म्हणतात वरचं आणि खालचं काढून सरासरी घे. खरं किती? (एक शेतकरी)

मशीनवाल्याने तळं खोक्यासारखं धरलंय. एकास एक उतार म्हणजे ३ मीटर खाली जाताना प्रत्येक बाजू ३ मीटर आत येते, दोन्ही बाजूंनी मिळून ६, म्हणजे तळ उरला २४ बाय २४. वरचं क्षेत्रफळ ९००, तळाचं ५७६. भाऊबंदांची सरासरी ७३८, गुणिले ३ म्हणजे २,२१४ घनमीटर. बरंच जवळ आलं पण अजून चुकतंय.

बरोबर रीत भास्कराचार्यांनी ११५० साली लीलावतीत देऊन ठेवलीय, खड्ड्यांच्या हिशोबाचं तिथे वेगळं प्रकरणच आहे. तोंडाचं क्षेत्रफळ घ्या, तळाचं घ्या, आणि तिसरं म्हणजे तोंडाची आणि तळाची लांबी मिळवून, रुंदी मिळवून, त्या बेरजांचा गुणाकार घ्या. तिघांची बेरीज भागिले सहा, गुणिले खोली. त्यांचं उदाहरण एका विहिरीचं आहे, तोंड १२ बाय १० हात, तळ त्याच्या निम्मा म्हणजे ६ बाय ५, खोली ७. तोंडाचे १२०, तळाचे ३०, आणि १८ गुणिले १५ म्हणजे २७०. बेरीज ४२०, भागिले सहा ७०, गुणिले सात ४९० घनहात. आता तुमचं तळं टाका त्यात, ९०० अधिक ५७६ अधिक ५४ गुणिले ५४ म्हणजे २,९१६. बेरीज ४,३९२, भागिले सहा ७३२, गुणिले तीन २,१९६ घनमीटर. चाळीसगावजवळ पाटण्याला भास्कराचार्यांच्या नातवाचा शिलालेख आहे, तुमच्यापासून काही फार लांब नाही, पोरांना घेऊन एकदा जाऊन या.

मशीनवाला ब्रासमध्ये बोलत असेल तर १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. २,१९६ घनमीटरचे होतात ७७५ ब्रास, आणि तो मागतोय त्याचे ९५३. जवळपास १७८ ब्रास माती तुमच्या वावरात कधी निघालीच नाही. पैसे द्यायच्या आधी तळात उतरून टेप धरा, तळ्यात प्लास्टिकचा कागद अंथरल्यावर मग कळत नाही. आणि उतार सगळीकडे एकास एकच निघालाय का तेही बघा, काळ्या मातीत मशीनवाले तो जास्त आडवा ठेवतात, दीडास एक झाला तर तळ २१ बाय २१ होतो आणि माती १,९७१ घनमीटरवर येते.

पाण्याचा हिशोब परत वेगळा. काठापर्यंत कुणी भरत नाही, अर्धा मीटर मोकळा सोडतोच आपण. मग पाण्याचं तोंड २९ बाय २९, तळ २४ बाय २४, खोली अडीच, याच रीतीने १,७६० घनमीटर. साडेसतरा लाख लिटर. बागेचं पाणी ठरवताना हा आकडा धरा, २७ लाख धरलेत तर एप्रिलमध्ये ड्रिपमधून हवा येईल.

प्रश्न: गच्चीवरची काळी प्लास्टिकची टाकी दोन भिंतींच्या कोपऱ्यात अडकलीय, व्यास घेता येत नाही. लिटर कसे काढू? (एक वाचक, पंचवटी)

दोरी फिरवा की भोवती. परिघ ११ फूट आला तर गुणिले ७ भागिले २२, व्यास साडेतीन. मग व्यास गुणिले व्यास गुणिले उंची गुणिले २२.२, सरळ लिटर मिळतात. उंची ४ फूट धरली तर १२.२५ गुणिले ४ गुणिले २२.२ म्हणजे १,०९० च्या आसपास. टाकीवर १००० छापलं असेल तर गोंधळू नका, बाहेरच्या वळ्या, पत्र्यापेक्षा जाड भिंत आणि फ्लोटपर्यंतच भरणारं पाणी यात तेवढे जातात. दुसरी टाकी वर चढवायचा विचार असेल तर मात्र लक्षात घ्या, १००० लिटर म्हणजे एक टन, जुन्या वाड्याच्या गच्चीवर तो कुठे ठेवायचा हे प्लंबरला नाही, स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारायचं.

प्रश्न: काका, मी सातवीत आहे. पेपरमध्ये येतं गंगापूर धरण ५,६३० दलघफू. म्हणजे किती टँकर? (एक विद्यार्थिनी, गंगापूर रोड)

दलघफू म्हणजे दशलक्ष घनफूट, दहा लाख घनफूट. एक दलघफू म्हणजे २ कोटी ८३ लाख लिटर. खरंखुरं १० हजार लिटर पाणी आणणारा टँकर धरला (वरचं पहिलं पत्र वाचलंस ना?) तर एका दलघफूला २,८३२ टँकर लागतात. त्याला ५,६३० ने गुण, दीड कोटीच्या वर जातात. टीएमसी म्हणजे हजार दलघफू, म्हणजे धरण भरलं की साडेपाच टीएमसीच्या थोडं पुढे.

पण गंमत याच्या पुढे आहे. धरण म्हणजे खोकं नाही, दरी आहे, वर पसरट आणि खाली चिंचोळी. भेळवाल्याचा कागदी कोन घे, निम्म्या उंचीपर्यंत भर, अर्धा भरला असं वाटतं पण पूर्ण कोनाच्या आठवा हिस्साच भेळ असते त्यात. धरणाचं तंतोतंत असं नसतं पण तऱ्हा हीच, म्हणून पाण्याची पातळी निम्म्यावर आली म्हणजे निम्मं पाणी उरलं असं होत नाही, आणि उन्हाळ्यात पातळी भराभर उतरताना दिसते. इंजिनियर लोक दरीचं पातळी-पातळीवर क्षेत्रफळ काढून मधले थर मोजत जातात, आणि गाळ साठला की परत मोजावं लागतं.

पावसाळ्यात बातमी येते की १० हजार क्यूसेकने पाणी सोडलं. एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. १० हजार क्यूसेक म्हणजे सेकंदाला २ लाख ८३ हजार लिटर, म्हणजे तू 'एक' म्हणेपर्यंत २८ टँकर गेले. गोदाघाटावर सगळे दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठवर पाणी आलं ते बघत असतात ना, ती पण काठीच, फक्त दगडाची. आईबाबांबरोबर लांबूनच बघ.

प्रश्न: आजीचं पितळी घंगाळ आहे, खाली गोल, मधे फुगीर, वर काठ वळलेला. कुठलंच सूत्र बसत नाही. (एक वाचक, जुनं नाशिक)

बसवू नका. बाथरूमच्या वजनकाट्यावर आधी रिकामं ठेवा, मग भरून ठेवा, जितके किलो वाढले तितके लिटर. काट्यावर ठेवूनच भरा पण, भरून उचलायला जाल तर वीस लिटर म्हणजे वीस किलो आणि वर पितळेचं वजन वेगळं.